करकंबच्या माळावर

पंढरपूरच्या स्टँडवर टेंभुर्णीकडे जाणारी एसटी पकडायची आणि वीसेक किलोमीटरवर करकंबला उतरायचं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच द्राक्षांच्या बागा, मध्येच बोरांच्या. जानेवारी असला, की बोरांनी फांद्या वाकलेल्या असतात. आम्ही गेलो ते याच दिवसांत. आम्ही म्हणजे मी, माझी भाची आणि भाचा. भाची आठवीत, भाचा पाचवीत. दोघंही पुण्यात वाढलेली. माझ्या मामीचं शेत करकंबच्या शिवारात आहे. मामी या दोघांची मामीआजी. तिचा निरोप होता, "हुरडा आलाय, पोरांना घेऊन या."

मित्रांनो, हुरडा खायचा तर शेतातच. घरी आणून खाल्लेला हुरडा म्हणजे नुसते भाजलेले दाणे! संध्याकाळी बांधाजवळ आगटी पेटली. गोवऱ्यांच्या आरात ज्वारीची कोवळी कणसं खुपसायची, भाजली की हातावर चोळायची, फुंकर मारायची आणि गरम गरम हिरवे दाणे शेंगाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. कणसं चोळायला एक म्हातारेबाबा बसले होते. सत्तरी केव्हाच ओलांडलेली, अंगानं काटक, डोक्याला मुंडासं. मामीच्या शेतावर ते राखण करतात. त्यांचे हात असे, की निखाऱ्यावरचं कणीस उचलताना साधा चटकासुद्धा बसत नव्हता.

भाच्याला हुरड्यापेक्षा अंधाराचं कौतुक जास्त. त्यानं विचारलं, "बाबा, या रानात वाघ आहे का हो?"

"वाघ न्हाई बाळा. कोल्हं हाय, लांडगं कधीमधी दिसतं. ससं हाय, तित्तर हाय, घोरपड हाय."

"तुम्ही ससा पाहिलाय? अगदी जवळून?"

बाबा हसले. "पाह्यलाय? खाल्लाय की! ससा खाल्ला, तित्तर खाल्लं, घोरपड खाल्ली, साळिंदर खाल्लं. एकदा तर..."

"शी!" भाचीच्या तोंडून निघून गेलं. "घोरपड? कसं काय खाता तुम्ही?"

बाबांचा कणीस चोळणारा हात थांबला. ते काही बोलले नाहीत. मला फार ओशाळल्यासारखं झालं. बोलली ती मामी. एक सांगायला हवं, मामीच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. तिच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. ती म्हणाली, "अगं, माझ्या घरात हे चालत नाही, पण दुसऱ्याच्या ताटाला मी कधी शी म्हटलं नाही. बाबा, सांगा हिला. सगळं सांगा. ऐकू दे."

मग बाबांनी जे सांगितलं, ते ऐकताना आगटी केव्हा विझत आली ते कळलंच नाही.

बाबा फासेपारधी समाजातले. फासे लावून शिकार करणारे, म्हणून फासेपारधी. त्यांची घरची बोली गुजरातीच्या जवळची आहे. मराठी ते आपल्यासारखीच बोलतात. फासा म्हणजे बारीक, मजबूत दोऱ्याचं सरकतं वेटोळं. पूर्वी तो घोड्याच्या शेपटीच्या केसांचा किंवा जनावरांच्या तातीचा करत. असे कितीतरी फासे बांबूच्या काड्यांना बांधून गवतात एका ओळीत उभे करायचे. मग पाखरांच्या मागच्या बाजूनं हळूहळू चालत त्यांना त्या ओळीकडे न्यायचं. हाकललं तर पाखरं उडून जातील. म्हणून पारधी शिकवलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडोशानं चालत. चरत येणाऱ्या गाईला तित्तर घाबरत नाही! कधी पिंजऱ्यात पाळलेलं तित्तर ठेवायचं. ते ओरडलं, की रानातलं तित्तर भांडायला धावून येतं आणि फाशात अडकतं.

"आणि मग?" भाच्यानं विचारलं.

"मग काय? पिसं काढायची, आगीवर झळवायचं, काळं तिखट-मीठ लावून शिजवायचं. रस्सा पातळ. पालावर माणसं पंधरा आणि तित्तरं चार. मांस कुणाच्या वाट्याला बोटाएवढं यायचं, भाकरी मात्र रश्शात कुस्करायला मिळायची. लेकरांना आधी."

घोरपड आधी अख्खी आगीत भाजायची, मग कातडं सोलायचं. साळिंदराचे काटे आधी उपटायचे. त्याचं मांस चरबीचं असतं. (साळिंदर काटे बाणासारखे फेकून मारतं, असं आपण ऐकतो ते खरं नाही. काटे त्याच्या अंगाला सैल असतात. ते पाठमोरं धावून आलं, की टोचून बसतात, एवढंच.) शेतातले उंदीर वडार समाजातली माणसं बिळं खणून काढत. त्या बिळांत उंदरांनी साठवलेली ज्वारीची कणसंही सापडत. म्हणजे कालवण आणि भाकरी दोन्ही एकाच बिळात!

भाची आता 'शी' म्हणत नव्हती, पण तिच्या चेहऱ्यावर प्रश्न होताच. तो तुमच्याही मनात असेल. इतके प्राणी सोडून हीच माणसं असलं वेगळं काही का खात होती? आणि सगळ्यांनी असं खाल्लं, तर रान रिकामं नाही का होणार?

याचं उत्तर शोधायला काही शास्त्रज्ञ खरोखरच आपल्या या भागात हिंडले होते. कैलाश मल्होत्रा आणि माधव गाडगीळ ही त्यांची नावं. पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या जमाती कोणती शिकार कशी करतात, याच्या त्यांनी नोंदी केल्या. त्यातून एक मजेशीर गोष्ट पुढे आली. एकाच भागात फिरणाऱ्या तीन जमाती होत्या, पण त्यांचं एकमेकींशी भांडण नव्हतं. कारण त्यांनी रानच वाटून घेतलं होतं! फासेपारधी फासे लावून हरणं आणि पाखरं पकडत. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे जात. वैदू सापळे लावून मुंगूस, उदमांजर, रानमांजर असले लहान शिकारी प्राणी धरत. हे प्राणी इतर शिकारी सहसा शिजवत नाहीत. एकाच्या ताटात दुसऱ्याचा हात नाही.

नंदीवाल्यांचं तर आणखी पुढचं. इंदापूरजवळ वडापुरी नावाचं गाव आहे. करकंबहून ते फार लांब नाही. तिथं दर तीन वर्षांनी ही मंडळी जमत. कोणत्या कुटुंबानं कोणत्या गावांत फिरायचं, हे ठरलेलं असे. आता विचार करा, जे रान पुढच्या वर्षीही आपलंच आहे, ते कुणी यंदा ओरबाडून संपवेल का?

मी ही माहिती सांगितली, तेव्हा बाबांनी मान हलवली. "आमच्यातबी रीत होती. फाशात गाभण हरणी सापडली, तर सोडायची. पाडस सापडलं, तर सोडायचं. माझ्या बापानं सोडलेली मी बघितलीया. घरात खायला नव्हतं, तरी सोडली."

हे त्या शास्त्रज्ञांनीही लिहून ठेवलं आहे. गाभण माद्या आणि पिल्लं सोडून देण्याची फासेपारध्यांची चाल होती.

"मग यांना लोक चोर का म्हणतात?" हा प्रश्न भाच्याचा. लहान मुलं असं सरळ विचारतात. मोठ्यांना ते जमत नाही.

त्याचं उत्तर इतिहासात आहे. इंग्रज सरकारनं १८७१ साली एक कायदा केला. त्यानुसार काही जमातींवर जन्मापासूनच गुन्हेगारीचा शिक्का बसला. बाळ जन्माला आलं, की तेही गुन्हेगार! या जमातींच्या माणसांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. सोलापूर शहरात तर तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत होती. 'सेटलमेंट' हे त्या भागाचं नाव आजही सोलापुरात ऐकू येतं. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. त्या जमाती 'विमुक्त' झाल्या. कागदावरचा शिक्का गेला. लोकांच्या मनातला मात्र अजून पुरता गेलेला नाही.

"बहात्तरचा दुष्काळ आला, तवा मी वीस-बावीस वर्षांचा," बाबा सांगू लागले. आमच्या मामीलाही तो दुष्काळ आठवतो. विहिरी आटल्या, जनावरं विकली गेली, माणसं खडी फोडायच्या कामावर गेली आणि सुकडी खाऊन राहिली. "त्या वर्षी रानातबी काय न्हवतं. दिवसभर हिंडून एक घोरपड घावली, तर पालावर दिवाळी."

आणि मित्रांनो, त्याच १९७२ साली, सप्टेंबर महिन्यात, आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा झाला. दुष्काळ आणि कायदा एकाच वर्षी! कायदा हवाच होता. देशभर वाघ, हरणं, पक्षी झपाट्यानं कमी होत होते. पुढे १९९१ साली शिकारीचे परवाने देणंही बंद झालं. आज तित्तर, ससा, साळिंदर, घोरपड यांतलं काहीही मारणं गुन्हा आहे. घोरपड तर कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. तिला मारलं, तर तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. पण ज्याची चूल रानावरच पेटत होती, त्यानं दुसऱ्या दिवसापासून काय खायचं, याची सोय मात्र तितक्या लवकर झाली नाही.

मग रान रिकामं कुणी केलं? एका पक्ष्याची गोष्ट सांगतो, म्हणजे कळेल.

माळढोक तुम्ही चित्रात पाहिला असेल. उंच मान, डोक्यावर काळी टोपी, नराचं वजन पंधरा किलोंपर्यंत. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत जड पक्ष्यांपैकी हा एक. पाचशे वर्षांपूर्वी बादशहा बाबरानं आपल्या आठवणींत याच्या मांसाची तारीफ करून ठेवली आहे. इतर पक्ष्यांचा एखादाच भाग चांगला लागतो, याचा सगळाच चवदार, असा त्याचा अभिप्राय. ती चवच माळढोकाला भोवली. १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत मॅन्सफिल्ड नावाच्या एका इंग्रज शिकाऱ्यानं एकट्या अहमदनगर भागात (आताचं अहिल्यानगर) ९६१ माळढोक मारले! एका माणसानं! त्याच्या घरी पंधरा माणसं उपाशी नव्हती. आणि माळढोकाची मादी एका वेळी घालते सहसा एकच अंडं.

१९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतल्या माळरानांवर माळढोक अभयारण्य जाहीर झालं. सोलापूरजवळचं नान्नज त्यामुळे प्रसिद्ध झालं. करकंबला लागून असलेल्या माढा तालुक्याचाही भाग त्यात होता. तरीही माळढोक वाचला असं म्हणता येत नाही. आज साऱ्या देशात मिळून तो दीडशेच्या आसपास, किंवा त्याहूनही कमी उरला आहे. आपल्या सोलापूरच्या माळावर तो दिसला, तर वर्तमानपत्रात बातमी येते. आता त्याला कुणी बंदुकीनं मारत नाही. पण त्याला लागणारा गवताचा मोकळा माळच उरला नाही. उजनी धरण झालं, कालवे आले, विहिरी खोल गेल्या, माळ नांगरले गेले. जिथं गवत होतं तिथं ऊस आला, बागा आल्या. त्यावरून विजेच्या तारा गेल्या. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही. जड अंगामुळे त्याला चटकन वळताही येत नाही, आणि तो तारांवर आदळतो.

याचा अर्थ ऊस वाईट, असा नाही. पाणी आलं म्हणूनच इथल्या मुलांना बहात्तरसारखी खडी फोडावी लागत नाही. मामीच्या घरातला गूळ त्याच उसाचा. पण रान संपल्याचा दोष कुणाच्या माथी मारायचा, तो मारताना एवढं तरी लक्षात ठेवावं.

बाबा म्हणाले, "आता लोक मोटारीतनं येत्यात. काच खाली करून विचारत्यात, 'काय रे, तित्तर मिळंल का? पैशाचं बघू नको.' आम्ही भुकेपायी खाल्लं तवा आम्हाला हिणवलं. आता तेच ताट त्यास्नी पायजे, चव म्हणून."

"मग तुम्ही काय सांगता?" भाचीनं विचारलं.

"न्हाई म्हणतो. नातू दहावीला हाय. केस झाली, तर कुणाचं नाव येईल? गाडीवाल्याचं न्हाई येणार."

आगटीभोवती कुणीच काही बोललं नाही.

बालमित्रांनो, जगात हे सगळीकडेच घडलंय. बेडूक खायचा म्हटलं, तर आपण नाक मुरडू. पण फ्रान्समध्ये बेडकाचे पाय म्हणजे मेजवानी. भारतातून एके काळी दर वर्षी हजारो टन बेडकांचे पाय परदेशी जात. गोरगरीब माणसं पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन शेतात बेडूक धरत, आणि ते परदेशातल्या मोठमोठ्या हॉटेलांत वाढले जात. बेडूक कमी झाले. पिकांवरचे किडे खाणार कोण? शेवटी १९८७ साली ही निर्यात बंद करावी लागली. म्हणजे एखादा पदार्थ 'शी' आहे की 'वा!' आहे, हे पुष्कळदा ताट कुणाचं आहे यावर ठरतं. आणि जनावर संपतं ते बहुधा भुकेनं नाही, बाजारानं.

(बाजारावरून आठवलं. काही हॉटेलांत 'बटेर' लिहिलेलं असतं. तो पाळीव जपानी लावा. १९७४ साली तो आपल्या देशात आणला गेला, आणि कोंबड्यांसारखा पाळला जातो. रानातला लावा निराळा. त्याला हात लावायचा नाही!)

एक चांगली गोष्टही सांगतो. तमिळनाडूत इरुला नावाची जमात आहे. साप पकडून त्यांची कातडी विकणं हा त्यांचा धंदा. उंदीर धरण्यातही ते पटाईत. १९७२ च्या कायद्यानंतर कातड्यांचा धंदा बंद पडला. तेव्हा रोम्युलस व्हिटेकर या सर्पतज्ज्ञाच्या मदतीनं १९७८ साली इरुलांनी आपली सहकारी संस्था काढली. आता ते परवान्यानं साप पकडतात, त्यांचं विष काढतात आणि सापांना परत रानात सोडून देतात. त्या विषापासून सर्पदंशावरचं औषध तयार होतं. आपल्या गावच्या दवाखान्यातल्या इंजेक्शनमागेही इरुलांची विद्या असू शकते! २०२३ साली वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोन इरुला सर्पमित्रांना पद्मश्री मिळाली. विद्या तीच, हात तेच. काम फक्त बदललं.

आपल्या सोलापुरात १९३२ साली जन्मलेले मारुती चितमपल्ली तुम्हाला माहीत असतील. वनखात्यात नोकरी करता करता ते आदिवासी, पारधी, कोळी अशा रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची नावं आणि सवयी शिकले. पुढे त्यांनी 'पक्षिकोश' लिहिला. २०२५ साली सोलापुरातच त्यांचं निधन झालं. रानाची विद्या कुणाकडे आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबांनी आम्हाला उठवलं. "चला, दावतो तुमास्नी."

शिवाराच्या टोकाला थोडा माळ अजून शिल्लक आहे. मुरमाड जमीन, वाळलेलं पिवळं गवत, बोरी-बाभळीची झुडपं. थंडी मरणाची होती. एका बोरीच्या आड बाबांनी आम्हाला बसवलं आणि तोंडावर बोट ठेवलं. मग दोन्ही तळहात तोंडाशी धरून त्यांनी हाक दिली. क-ती-तर! क-ती-तर! हुबेहूब तित्तराचा आवाज. भाचा तर इकडेतिकडे पक्षी शोधू लागला!

पहिल्या हाकेला काही झालं नाही. दुसऱ्या हाकेला लांबून उत्तर आलं. बाबांनी पुन्हा हाक दिली. उत्तर जवळ आलं. आणि थोड्याच वेळात गवत हललं. एक तित्तर बाहेर आलं. मान ताठ, छाती पुढे. आपल्या हद्दीत कोण घुसलंय ते पाहायला निघालेलं. अंगावर करड्या-तपकिरी रंगाची बारीक नक्षी. आमच्यापासून जेमतेम दहा पावलांवर ते उभं राहिलं.

भाचीनं श्वास रोखून धरला होता. बाबांचा उजवा हात सवयीनं जरासा पुढे झाला. मी पाहिलं, पन्नास वर्षांपूर्वी त्या हाताखाली फाशाची काडी असली असती. मग त्यांनी दोन्ही हात जवळ आणले आणि टाळी वाजवली. भर्रर्र करून तित्तर उडालं आणि पलीकडच्या गवतात जाऊन बसलं.

"जा लेका," बाबा म्हणाले. "सांजच्याला भेटू."

परतीच्या वाटेवर भाची बाबांच्या बरोबरीनं चालत होती. काही वेळानं ती म्हणाली, "बाबा, काल मी शी म्हटलं. चुकलं माझं."

"राहू दे पोरी. भूक न्हाई बघितली तू. चांगलं हाय ते, न्हाई बघितली."

"मला ती हाक शिकवाल?"

बाबा थांबले. त्यांनी तिचे दोन्ही तळहात धरून तोंडाशी कसे लावायचे ते दाखवलं. पहिल्यांदा नुसतीच हवा निघाली, दुसऱ्यांदा शिट्टी. करकंबच्या स्टँडवर एसटीची वाट पाहतानाही तिचा सराव चालूच होता. येणारे-जाणारे वळून बघत होते. अजून तरी एकाही तित्तरानं तिला उत्तर दिलेलं नाही. पण मामीचं बोलावणं पुढच्या जानेवारीचंही आहे.